बेचाळीस खुर्च्यांची गाडी समुद्रावर जाते

गावात तिला सगळे कंडक्टरबाई म्हणतात. नोकरीत होती तेव्हा कुणी म्हणत नसे. तेव्हा ती प्रवाशांच्या लेखी नुसती 'ओ मास्तर' होती. निवृत्त झाल्यावर मास्तर म्हणायला गाडीच उरली नाही, म्हणून लोकांनी तिला हे नवं नाव दिलं आणि तिनेही ते मुकाट्याने घेतलं. अंगाने काटकुळी, उंची बेताची, पण आवाज असा की मागच्या बाकावर घोरत पडलेला माणूस दचकून उठायचा आणि आपला थांबा यायच्या आधी दोन थांबे उतरून मोकळा व्हायचा.

तेविसाव्या वर्षी ती नोकरीला लागली. त्या रस्त्यावरची ती पहिली बाई कंडक्टर. आईने एवढंच म्हटलं होतं, "दिवसभर उभं राहून लोकांना पुढे सरका म्हणायचं, हेच ना? मग घरी काय वेगळं चाललंय." गाव ते शहर, सत्तावीस थांबे, अठ्ठावन्न किलोमीटर. सकाळी जायचं, दुपारी यायचं, पुन्हा जायचं, पुन्हा यायचं.

गाडीचे ड्रायव्हर म्हणजे पुढे जे तिचे यजमान झाले ते. त्यांना गावात चाळीसकाका म्हणतात, कारण एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या गाडीचा काटा चाळीसच्या पुढे कधी गेला नाही. उतारावर नाही, रिकाम्या रस्त्यावर नाही, गाडीत बाळंतीण अडली तेव्हासुद्धा नाही. एकदा एका सायकलवाल्याने त्यांना मागे टाकलं आणि पुढे जाऊन थांबून काळजीने विचारलं, "काही बिघाड झालाय का?"

दोघांची ओळख बेलवरून झाली. ड्रायव्हरने पुढे बघायचं आणि कंडक्टरने मागे, असं ते काम. पहिले आठ महिने त्यांनी एकमेकांचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं. एक बेल म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे गाडी भरली आहे, मध्ये कुठे थांबू नका. एवढ्यावर त्यांचं सगळं भागत होतं. मग एका दुपारी रिकामी गाडी डेपोकडे चालली असताना चाळीसकाका रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "मास्तर, एक विचारायचंय. तोंडाने सांगायला संकोच वाटत असेल तर बेल द्या. माझ्याशी लग्न करायचं का? हो असेल तर दोन."

तिने दोरीला हात घातला, एक बेल दिली, आणि नेमकी त्याच क्षणी रस्त्यात म्हैस आडवी आली. करकचून ब्रेक लागला. ती बाकावर आपटली, दोरी हातातून सुटली. चाळीसकाकांनी एका बेलचा अर्थ नियमाप्रमाणे घेतला. थांबा म्हणजे थांबा. ते थांबले. तीन आठवडे त्यांनी विषय काढला नाही, आणि हा माणूस विचारून विसरला तरी कसा, या विचाराने तिला तीन आठवडे घास गोड लागला नाही. शेवटी एके दिवशी भरल्या गाडीत, मध्येच माळरानावर, तिने एक बेल दिली. गाडी थांबली.

"कोण उतरतंय?" चाळीसकाकांनी विचारलं.

"कुणी नाही," ती मागून ओरडली. "ती मागच्या वेळची राहिलेली दुसरी होती."

गाडीतल्या कुणालाच काही कळलं नाही. फक्त गाडी पुढे निघाली ती त्या दिवशी बेचाळीसवर गेली, असं कंडक्टरबाई अजून सांगते. चाळीसकाका मात्र हे साफ नाकारतात.

संसारही तसाच झाला. ड्युटीवर ते तिला "मास्तर, तुम्ही" म्हणत आणि घरी "अगं". तिला मनातून ड्युटीवरचं जास्त आवडे, पण तिने ते कधी बोलून दाखवलं नाही. एक लेक झाली, शिकली, रस्ते खात्यातल्या इंजिनिअरच्या घरी पडली. आणि मग दोघंही एकाच महिन्यात निवृत्त झाली.

त्यानंतरचे चार महिने वाईट गेले. चाळीसकाका पहाटे पाचला उठत, दाढी करत, खाकी शर्ट घालत आणि अंगणात खुर्ची टाकून फाटकाकडे तोंड करून बसत. बोलत नसत. वर्षअखेरच्या सुट्ट्या लागल्या, लेक आणि जावई मुलीला घेऊन आले, घर भरलं, तरी हे आपले तिथेच. एका सकाळी कपडे वाळत घालताना कंडक्टरबाईच्या मनात काय आलं कोण जाणे. कपड्यांच्या दोरीला तिने चिमण्या हाकलायला एक छोटी घंटा बांधलेली होती. तिने दोरी दोनदा ओढली. चाळीसकाकांचा डावा पाय आपसूक दाबला गेला, हाताने हवेत गिअर टाकला आणि त्यांच्या तोंडून इंजिनचा आवाज निघाला.

ती आत गेली, खुर्ची आणली आणि त्यांच्या मागे ठेवली. मग आणखी एक. फाटकावरून कपड्यांचं बोचकं घेऊन चाललेल्या शेजारच्या शिंपीणबाईंनी हा प्रकार पाहिला आणि अत्यंत गंभीरपणे विचारलं, "जागा आहे का?"

"आहे. पुढे सरका," कंडक्टरबाई म्हणाली.

तिथून ती प्रथा पडली. आता नऊ वर्षं झाली. सुट्ट्या लागल्या की तिसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता त्या अंगणातून गाडी सुटते. बेचाळीस आसनं. शाळा बंद असते म्हणून पंचवीस खुर्च्या शाळेच्या, काही घरोघरच्या, एक न्हाव्याच्या दुकानातली गिरक्या घेणारी, आणि सगळ्यात मागे डॉक्टरांच्या दवाखान्यातलं तीन जणांचं बाकडं. ड्रायव्हरच्या जागेपुढे धान्य चाळायच्या मोडक्या चाळणीची नुसती कड, तेच स्टिअरिंग. पायाशी तीन विटा: क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर. गिअर म्हणजे मातीने भरलेल्या डब्यात खोचलेली जुनी छत्री. भंगारवाल्याने एकदा खरं स्टिअरिंग देऊ केलं होतं, पण चाळीसकाका म्हणाले की सरकारी माल खाजगी गाडीला लावणं नियमात बसत नाही.

गाडी शहरात जाते. सत्तावीस थांबे घेत, एक तास पन्नास मिनिटांत. वळण आलं की सगळे एका अंगाला झुकतात. खड्डा आला की सगळे खुर्चीवरून इंचभर उडतात आणि लगेच मान वळवून जावयाकडे बघतात, कारण तो रस्ते खात्यात आहे. जावई दरवर्षी चौथ्या रांगेत खिडकीशी बसतो आणि दरवर्षी खड्डा क्रमांक दोननंतर झोपेचं सोंग घेतो. सातव्या थांब्यावर एक आजोबा उतरतात. तिथे त्यांची सासुरवाडी होती. बायको जाऊन कैक वर्षं झाली, सासुरवाडीलाही कुणी उरलं नाही, पण आजोबा दरवर्षी पिशवी घेऊन चढतात, सातव्या थांब्यावर उतरतात आणि फाटकातून बाहेर जातात. शहर आलं की कंडक्टरबाई "शेवटचा थांबा" म्हणून ओरडते, सगळे टाळ्या वाजवतात, चहा होतो, आणि लोक सुट्ट्या लागल्या असं मानून घरी जातात.

यंदा ठिणगी पडली ती आठ दिवस आधी. फोनवर नातीने विचारलं, "आजी, या वेळी पण शहरातच जायचं?" कंडक्टरबाईने फोन ठेवला आणि तो प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना. जन्म गेला होता त्या अठ्ठावन्न किलोमीटरवर. समुद्र एकशे ब्याऐंशी किलोमीटरवर होता असं लोक सांगत, पण तिने तो पाहिला नव्हता. चाळीसकाकांनीही नाही.

चहा देताना ती म्हणाली, "अहो, यंदा गाडी समुद्रावर नेऊ या."

चाळीसकाकांनी कप खाली ठेवला. "आपला परवाना शहरापर्यंतचा आहे."

"कसला परवाना?"

"ज्यावर आपण गाडी चालवतो तो."

"अहो, खुर्च्या आहेत त्या," कंडक्टरबाई म्हणून गेली.

बोलल्या क्षणी तिला कळलं की हे तोंडातून जायला नको होतं. चाळीसकाका उठून अंगणाच्या कडेला गेले आणि गिअरची छत्री पुसत बसले. पुढचे तीन दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. जे काय सांगायचं ते भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगत. "मीठ कमी आहे," ते कॅलेंडरकडे बघून म्हणत. तीही कमी नव्हती. ती मीठ कॅलेंडरपुढे नेऊन ठेवत असे.

लेक, जावई आणि नात येऊन पोचली तोवर बोलणं सुरू झालं होतं, पण कामापुरतं. समुद्राचा विषय दोघांनीही काढला नाही. चाळीसकाकांना वाटलं, ती विसरली. एवढ्या वर्षांच्या संसारानंतरही त्यांना तसं वाटलं, यावरून पुढे बघणाऱ्या माणसाला मागचं किती कमी दिसतं ते लक्षात यावं.

तिसऱ्या दिवशी दहाला गाडी सुटली. सगळी आसनं भरलेली. शिंपीणबाई पहिल्या रांगेत, कारण मागे बसलं की त्यांना मळमळतं. आजोबा पिशवी मांडीवर घेऊन दाराशी. थांबे येत गेले, लोक झुकत गेले, उडत गेले, जावयाकडे बघत गेले. सहावा थांबा गेला. पुढे रस्त्याला फाटा होता, उजवीकडे शहर, डावीकडे समुद्र. आणि तिथे कंडक्टरबाईने एक बेल दिली.

चाळीसकाकांनी गाडी थांबवली. "मास्तर, इथे थांबा नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि गाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात तिने जाहीर केलं, "गाडी इथून डावीकडे वळून समुद्रावर जाईल. कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला."

हरकती बऱ्याच निघाल्या. शिंपीणबाईंना शहरातून बटणं आणायची होती. गेली नऊ वर्षं आणायची होती. एकाला समुद्राची हवा सोसत नव्हती. आजोबा काळजीने म्हणाले, "मग माझ्या सासुरवाडीचं काय?" मागच्या बाकड्यावरचे तिघं मात्र समुद्राच्या बाजूचे होते आणि पाय आपटून ते सांगत होते. चाळीसकाकांनी चाळणीवरचे हात काढून घडी घातली.

"लेखी हुकूम आणा," ते म्हणाले. "तोपर्यंत गाडी हलणार नाही."

दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. नात आणि तिच्या मैत्रिणी मागे अडकलेल्या गाड्यांचे हॉर्न वाजवू लागल्या. कंडक्टरबाईही हटेना, दोरी धरून उभीच. लेकीने आईला खुणेने विचारलं, चहा टाकू का? आईने खुणेनेच सांगितलं, फाट्यावर चहा मिळत नाही.

आणि अशा वेळी फाटकाबाहेर एक हात वर झाला.

तो हात दोघांनीही ओळखला. तपासनीस. अठरा वर्षं हा माणूस वाटेत कुठेही झाडामागून निघून त्यांची गाडी अडवायचा, एकेक तिकीट उजेडात धरून बघायचा आणि काहीच न सापडल्यामुळे हिरमुसला होऊन उतरायचा. आता तोही निवृत्त झाला होता आणि गेल्या उन्हाळ्यापासून गावात बहिणीकडे राहायला आला होता. त्याला गाडीचं आमंत्रण होतं. पण सुरुवातीच्या थांब्यावरून सरळ चढून बसणं त्याच्या रक्तातच नव्हतं.

"तपासणी," तो फाटकातून आत येत म्हणाला.

चाळीसकाकांनी दार उघडल्याचा आवाज काढला. तपासनीस चढला. जुन्या वहीच्या पानांची चौकोनी तिकिटं कंडक्टरबाईने सकाळीच वाटली होती, त्यामुळे ती निर्धास्त होती. पहिली रांग ठीक, दुसरी ठीक. चौथ्या रांगेत जावयाने खिसे चाचपले, पुन्हा चाचपले, आणि तपासनीसाच्या चेहऱ्यावर हळूहळू अशी प्रभा फाकू लागली की बघणाऱ्यालाही बरं वाटावं. अठरा वर्षांच्या तपासणीत जे कधी सापडलं नव्हतं ते.

"तिकीट नाही?" त्याने मऊ आवाजात विचारलं.

"होतं हो," जावई म्हणाला.

"बाबा, कानात," नात म्हणाली. जावयाने कान कोरायला म्हणून तिकिटाची सुरळी केली होती आणि ती तशीच कानात राहिली होती. तपासनीसाने ती दोन बोटांनी घेतली, उलगडली, उजेडात धरली आणि परत केली. त्याचा चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला.

कंडक्टरबाईला त्याची दया आली, आणि त्याच क्षणी एक युक्तीही सुचली. "साहेब," ती म्हणाली, "रूट बदलायचा आहे. हुकूम तुमच्याशिवाय कोण देणार?"

निवृत्त झाल्यापासून तपासनीसाला कुणी काही विचारलं नव्हतं. बहीणसुद्धा भाजी काय करू हे त्याला न विचारताच करायची. त्याने चष्मा पुसला, फाटा पाहिला, प्रवासी मोजले, डावीकडे थोडं चालून जाऊन कुंपणापर्यंतच्या रस्त्याची पाहणी केली. मग खिशातून डॉक्टरांची चिठ्ठी काढून तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सावकाश लिहिलं: 'सदर गाडी आजच्या दिवसापुरती समुद्रापर्यंत नेण्यास हरकत नाही. गाडी पाण्यात उतरवू नये.' खाली सही, तारीख.

चाळीसकाकांनी ती दोनदा वाचली, घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवली. चेहऱ्यावरचा राग उतरला होता. त्या जागी काहीतरी दुसरंच आलं होतं; कंडक्टरबाईला ते ओळखता येईना. "रस्ता कुणाला माहीत आहे?" त्यांनी विचारलं.

 मग चौथ्या रांगेतून खोकल्याचा आवाज आला. "मला माहीत आहे," जावई म्हणाला. "आमच्याच खात्याने केलाय."

नऊ वर्षांत पहिल्यांदा जावयाला पुढे बोलावलं गेलं. तो ड्रायव्हरच्या शेजारी स्टुलावर बसला आणि पाहता पाहता त्याची बसण्याची ढब बदलली. आजोबा फाट्यावर उतरले. "इथून चालत जाईन," म्हणाले, आणि दहा पावलं जाऊन कुंपणाच्या कठड्यावर बसून पुढचं बघू लागले. कंडक्टरबाईने दोन बेल दिल्या. गाडी डावीकडे वळली. बेचाळीस माणसं उजवीकडे झुकली.

समुद्र एकशे ब्याऐंशी किलोमीटर, आणि चाळीसकाकांची गाडी चाळीसने. हा हिशोब निघताना कुणाच्याच ध्यानात आला नव्हता. तासाभराने आला. "किती राहिलं?" शिंपीणबाईंनी विचारलं. जावई म्हणाला, "एकशे चाळीस." कुणीतरी सुचवलं की जरा लवकर पोचवता आलं तर बरं, नाहीतरी... आणि तिथेच तो थांबला, कारण कंडक्टरबाईने त्याच्याकडे पाहिलं होतं.

दुपारी एकला एका झाडाखाली गाडी थांबवून लेकीने पोळी-भाजी आणि बिस्किटं वाटली. आजोबांनी कठड्यावरून हात पुढे केला. "तुम्हाला कसं देणार?" लेक म्हणाली. "तुम्ही तर सासुरवाडीला आहात." आजोबांना ते पटलं. थोड्या वेळाने ते उठून घरी जाऊन जेवून आले आणि पुन्हा सासुरवाडीला येऊन बसले. शिंपीणबाईंच्या घरी दूध यायची वेळ झाली होती. घर कुंपणापलीकडे, वीस पावलांवर. पण गाडी आता जंगलातून चालली होती आणि चाळीसकाका जंगलात कुणाला उतरू देईनात. शेवटी पुढच्या वस्तीवर, पाव तासाने, त्या उतरल्या आणि "येते परत, पुढची गाडी मिळाली तर" म्हणून धावत सुटल्या.

मग घाट लागला. "अकरा वळणं आहेत," जावई म्हणाला. "पाचवं अवघड आहे, आमच्या साहेबांनाही ते जमलं नव्हतं." चाळीसकाकांनी दुसरा गिअर टाकला. पहिली चार वळणं झाली. पाचव्याला सगळे इतके जीव तोडून झुकले की मागचं बाकडं कलंडलं आणि तिघंच्या तिघं धाडकन अंगणात पडले.

लागलं कुणालाच नाही. एकाच्या विजारीचा गुडघा फाटला, एवढंच. ते तिघं तर हसतच होते. पण चाळीसकाकांनी गाडी थांबवली होती आणि ब्रेकच्या विटेवरचा पाय ते काढत नव्हते. एकतीस वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा पडला नव्हता.

कंडक्टरबाई पुढे आली. ते तिच्याकडे न बघता हळूच म्हणाले, "म्हणून नको म्हणत होतो, मास्तर. परवान्याचं नव्हे. तो रस्ता मला झोपेतही येतो. हा येत नाही. लोकांना घेऊन ओळख नसलेल्या रस्त्यावर मी कधी गेलेलो नाही."

अहो, गाडी जागची हललेलीसुद्धा नाही, हे वाक्य तिच्या अगदी ओठावर आलं होतं. तिने ते गिळलं. "वळणाचा दोष नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांच्या बाकड्याचा एक पाय आधीच आखूड आहे. साहेब इथेच आहेत, बघायला सांगते."

तपासनीस गुडघ्यावर बसला. त्याने चारही पाय वितीने मोजले, जमिनीला कान लावला, तो कशासाठी हे कुणाला कळलं नाही, आणि वहीच्या तिकिटावर लिहून दिलं: 'सदर घटना अपघात नव्हे.' आखूड पायाखाली विटेचा तुकडा आला. तिघं पुन्हा चढले.

"मास्तर," चाळीसकाका म्हणाले, "पुढे येऊन बसता का? वळणावर शेजारी कुणी असलं की बरं."

जावयाने स्टूल सोडलं आणि तो मागे उभा राहून रस्ता सांगू लागला. कंडक्टरबाई पुढे बसली. उरलेली सहा वळणं तिने समोर बघत पार केली, आणि प्रत्येक वळणाला चाळीसकाका तिला विचारत, "मोकळं आहे?" आणि ती बघून सांगे, "मोकळं आहे."

चारला दहा कमी असताना जावई म्हणाला, "एवढी टेकडी चढली की झालं." गाडी टेकडी चढली. चाळीसकाकांनी ब्रेकची वीट दाबली, इंजिन बंद केलं.  समोर फाटक होतं, फाटकापलीकडे मोकळं शेत आणि त्यावर उन्हाचा उतरता पट्टा.

"आला," चाळीसकाका म्हणाले.

काय करावं कुणालाच सुचेना. शहर आलं की टाळ्या वाजवायच्या, हे माहीत होतं. समुद्राचं कुणी शिकवलं नव्हतं. मग नातीने बूट काढले. तिचं बघून लेकीने काढले. तपासनीसाने विजार दोन घड्या वर दुमडली आणि पाय टेकताच "गार आहे" म्हणून मागे सरला. शिंपीणबाई दूध तापवून परत आल्या तेव्हा त्यांना दिसलं ते असं: गावातली चाळीस शहाणीसुरती माणसं अनवाणी, साड्या आणि विजारी वर धरून अंगणातून जपून चालत आहेत आणि लाट आली की एकदम किंचाळून मागे पळत आहेत. त्या क्षणभर थांबल्या, चपला काढल्या आणि शिरल्या. मात्र आजतागायत त्यांची तक्रार आहे की त्यांच्या वाट्याला ओहोटी आली.

परतीचा प्रश्न पाचला निघाला. तपासनीसाच्या हुकुमात परत येण्याचा उल्लेख नव्हता. शिवाय परतीचेही तेवढेच तास, आणि लोकांना भूक लागलेली. तपासनीसाने विचार करून तोंडी परवानगी दिली की प्रवाशांनी आपापल्या सोयीने परतावं. तेव्हा सगळे एकशे ब्याऐंशी किलोमीटर चालत घरी गेले. कुणाला दोन मिनिटं लागली, कुणाला तीन. आजोबा तेवढे फाट्यावरूनच गेले, त्यांना जवळ पडलं.

चाळीसकाका जागचे उठले नाहीत. परक्या ठिकाणी गाडी सोडून जायची त्यांना सवय नव्हती. कंडक्टरबाईने चहा तिथेच आणला आणि शेजारी स्टुलावर बसली.

"कसा वाटला?" त्यांनी विचारलं.

"मोठा आहे," ती म्हणाली. "आणि तुम्हाला?"

"मी कुठे बघितला? मी रस्ता बघत होतो."

मग तिने त्यांना समुद्र सांगितला. तिने तो पाहिला नव्हता हे दोघांनाही माहीत होतं, पण ती अगदी तपशीलवार सांगत गेली, रंग, आवाज, दूरवरची एक होडी, होडीतल्या माणसाचा शर्ट. चाळीसकाकांनी मध्येच एकदा विचारलं, "होडी किती वेगाने चालली होती?" ती म्हणाली, "बेताने." त्यांनी समाधानाने मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे खांदे धरले होते. घाटाने धरले, असं ते म्हणाले. तेल चोळता चोळता कंडक्टरबाई म्हणाली, "एवढ्या लांब जायचं तर मध्ये ड्रायव्हर बदलायला हवा."

"दुसरा ड्रायव्हर कुठून आणू?"

"मी शिकते."

 जेवण झाल्यावर चाळीसकाकांनी हात धुतले, खाकी शर्ट घातला आणि आपली जागा झटकून तिला तिथे बसवलं. स्वतः स्टुलावर बसले. डावी वीट कोणती, मधली कोणती, छत्री कुठे ओढायची, सगळं त्यांनी नीट समजावलं. तिने क्लच भसकन सोडला.

"बंद पडली," चाळीसकाका म्हणाले.

तीन वेळा बंद पडली. ते एकदाही रागावले नाहीत. फक्त दर वेळी "पुन्हा लावा, मास्तर" म्हणत. अंगण रिकामं होतं, शाळेच्या खुर्च्या भिंतीशी रचलेल्या होत्या. चौथ्यांदा गाडी हलली, तशी ती इतकी ताठ झाली की श्वास घ्यायची विसरली. तेवढ्यात आतून बॅगा घेऊन लेक, जावई आणि नात बाहेर आली. त्यांची निघायची वेळ झाली होती. नात फाटकाजवळ जाऊन वळली आणि आजीकडे बघून हात हलवू लागली. कंडक्टरबाईनेही हात वर करायला घेतला.

"दोन्ही हात चाकावर," चाळीसकाका म्हणाले.

तिने पटकन हात खाली घेतला, चाळणी घट्ट धरली आणि समोर बघत नुसत्या मानेनेच नातीला निरोप दिला.